मामांचं बिननावाचं झाड

माझ्या बायकोच्या मामांइतका गोंधळलेला माणूस वेल्हे तालुक्यात झाला नाही, आणि शेजारच्या भोर तालुक्यात एखादा सापडलाच, तर ते बहुधा मामाच असतील, चुकीच्या एसटीत बसून तिकडे गेलेले. एकदा ते आंबवड्याला एका लग्नाला गेले. मांडवात शिरले, आहेर दिला, पोटभर जेवले, दोन म्हाताऱ्यांशी तासभर गप्पा मारल्या आणि संध्याकाळी घरी येऊन मामींना म्हणाले, "मानसं लई चांगली हुती. पर नवरी काय आपली वाटली न्हाई." ती खरंच आपली नव्हती. आपलं लग्न पलीकडच्या मांडवात होतं. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर "व्हय" असायचं, मग थोडा वेळ जायचा आणि "तसं न्हाई बी" यायचं. चहा घेणार का, या प्रश्नालाही.

फक्त झाडांच्या बाबतीत त्यांचा गोंधळ होत नसे. वेल्ह्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत त्यांची दहा-बारा घरांची वाडी आहे. तिथल्या रानातलं कुठलंही लाकूड त्यांच्या नाकाशी धरा, ते डोळे मिटून नाव सांगायचे. हिरडा, ऐन, अंजन, सगळी नावं घरच्या माणसांसारखी तोंडात. पण नेमकं त्यांच्याच बांधावर, गोठ्यासमोरच्या पायवाटेच्या पलीकडे, एक उंच झाड होतं आणि ते कुठलं, हे मामांना ठाऊक नव्हतं. पान जांभळासारखं, पण अरुंद. चुरगळलं की वास जांभळाचा, पण थोडा कडवट. नवी पालवी लालबुंद. वाडीतले सगळे त्याला सरळ जांभूळ म्हणायचे. मामांना ते पटत नसे. "जांभळीला म्या वळखतो, जावईबापू. हे तिच्या भावकीतलं असंल, पर ती न्हाई."

मी पुण्याहून वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना घेऊन गेलो. त्यांनी अर्धा दिवस झाडाखाली काढला. हे जांभळाच्याच कुळातलं आहे, म्हणाल्या, पण भरपूर पावसाच्या सदाहरित रानातलं. लेंडी जांभूळ असेल, भेडस असेल, फूल पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. मामा खूश झाले. इतकी शिकलेली बाई आपल्यासारखीच बोलते, याचा त्यांना फार आधार वाटला. त्यानंतर ते फुलाची वाट पाहू लागले. फूल आल्यावर त्यांनी मोबाईलवर मला फोटो पाठवला, त्यात फक्त त्यांचा अंगठा होता. म्हणून मग एक डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून ते स्वतःच एसटीने पुण्याला निघाले. या फुलांचे तंतू हात लागला तरी गळतात. बाईंच्या दारात फडकं सोडलं, तेव्हा आत एक उघडी काडी आणि मूठभर पांढरा भुसा होता. "निघाली तवा नवरीसारखी हुती वो," मामा म्हणाले.

अशातच वाडीला रस्ता मंजूर झाला. आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणायचे दिवस संपणार म्हणून सगळी वाडी आनंदात होती, मामाही. रस्त्याच्या आखणीत ते झाड आलं. झाड तोडायच्या परवानगीचा कागद घेऊन एक साहेब आले. त्यांनी 'झाडाची जात' या रकान्यात 'जांभूळ' लिहिलं आणि सहीसाठी पेन पुढे केलं. मामांनी हात मागे घेतला.

"जांभूळ न्हाई ते."

"मग काय आहे?"

"ठावं न्हाई."

"मामा, असं लिहिता येत नाही. मी 'इतर' लिहितो."

"इतर कसं? इतर म्हंजी दुसऱ्याचं. हे माझं हाय."

वाडी चिडली. सरपंचबाई स्वतः ओट्यावर येऊन बसल्या. "मामा, एका झाडापायी रस्ता अडवता व्हय?"

मामांचा चेहरा पडला. "म्या कुठं अडीवतो? रस्ता पायजेच. तोडायचं तर तोडा. पर मानूस मेला तर दाखल्यावर त्याचंच नाव घालता नव्हं? मग ह्याला दुसऱ्याचं नाव लावून कसं मारायचं?"

सरपंचबाई ओट्यावरून उठल्या. रकाना मोकळा राहिला. कागद दोनदा वर जाऊन परत आला. शेवटी कंटाळलेल्या इंजिनिअरने विचारलं, रस्ता या अंगाला चार हात सरकवला तर? पण मग तुमचा गोठा जाईल. मामांनी तिथल्या तिथे सही केली. "गोठा म्हंजी गोठा. त्यात काय शंका न्हाई."

रस्ता झाला. बैल बरेच दिवस ओसरीत बांधलेले होते आणि मामी बरेच दिवस बोलत नव्हत्या. पुढे लोक म्हणू लागले, म्हातारा लई हुशार, काय युक्तीनं झाड वाचवलं. पानशेतकडे बंगला असलेल्या कुणी पुणेकरांनी येऊन मामांना शालही घातली. मामा शाल पांघरून माझ्याकडे अगदी हताशपणे पाहत राहिले. "जावईबापू, ह्यास्नी सांगा की. म्या काय बी वाचवलं न्हाई. मला खरंच कळत न्हाई ते कंचं झाड हाय."

गेल्या वर्षी मामी गेल्या. मामांचे गुडघेही धरले. त्यांच्या मुलीने त्यांना पुण्याला आपल्याकडे न्यायचं ठरवलं आणि मी जीप घेऊन त्यांना आणायला गेलो. झाडापाशी आल्यावर मामांनी गाडी थांबवली. उतरून खोडाला हात लावून उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं, पण सुरुवात कशी करावी ते सुचत नसावं. बऱ्याच वेळाने "बरं हाय मग," एवढंच म्हणाले आणि गाडीत येऊन बसले.

वाटेत विंझर लागलं. तिथे चहाला थांबलो. मामांनी बशीत चहा ओतला, तो गार होईपर्यंत नुसता पाहत राहिले, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं,

"म्या तर त्याला वळखलं न्हाई. पर ते मला वळखत असंल का वो?"

मी म्हणालो, "असेल, मामा."

ते म्हणाले, "व्हय."

मी नेहमीच्या "तसं न्हाई बी"ची वाट पाहिली. पण या वेळी ते आलं नाही.