दाढेचा फोटो आणि हौशीराम हेडी

अवसरी खुर्दचा हौशीराम हेडी माझ्याकडे पहिल्यांदा आला तो संशय घ्यायलाच. सत्त्याण्णव साल होतं. मंचरला गुरांचा खाजगी दवाखाना काढून मला दोन वर्षं झाली होती आणि त्याच महिन्यात मी एक्सरेचं एक जुनं मशीन आणलं होतं. हौशीरामबरोबर जनावर नव्हतं, त्याची कसली तक्रारही नव्हती. त्याने मशीनभोवती एक चक्कर मारली, चाकाला पायाने ढोसून पाहिलं आणि म्हणाला, "जुनंय हे."

"हो, जुनंच आहे," मी म्हणालो.

मी लगेच कबूल केलं हेच त्याला खटकलं. जुन्याला जुनं म्हणणारा विक्रेता त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

हेडी म्हणजे गुरांचा दलाल. बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात हौशीरामचा शब्द चालायचा. बैलाचा खालचा ओठ अंगठ्याने दाबायचा, पुढचे दात बघायचे आणि "चौसा", "सहा दाती", "जुळला" असं एका शब्दात वय सांगून मोकळं व्हायचं. भाव मात्र कधी तोंडाने बोलायचा नाही. खांद्यावरचं उपरणं समोरच्याच्या हातावर टाकायचं आणि त्याखाली बोटं दाबून आकडा ठरवायचा. सौदा झाला की घेणाऱ्याला सांगायचं, "तोंडाची जबाबदारी माझी." त्या हंगामात बैलाच्या तोंडात खोट निघाली, तर विकणाऱ्याला बैल परत घ्यायला लावणं हे हेड्याचं काम. एवढ्या एका वाक्यावर लोक त्याला दलाली देत.

संशयाच्या बाबतीत तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हॉटेलात चहा सांगितला की हा उठून दूध बघायला जायचा. एस्टीचं तिकीट उजेडात धरून वाचायचा. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत त्याने व्याह्याचेही दात मोजले, अशी बाजारात चेष्टा होती, आणि त्याला ओळखणारे ती चेष्टा समजत नसत.

"दाताचा बी फोटो काढता म्हनं ह्यात?" त्याने विचारलं.

"काढतो. दीडशे रुपये."

"माणसाच्या दाताचा फोटो नारायणगावात पन्नासाला काढत्यात. आन बैलाचा दीडशे?"

मी त्याला समजावलं. माणसाच्या दाताची फिल्म अंगठ्याएवढी असते, ती तोंडात धरून बसायला माणूस असतो. बैलाच्या एका दाढेच्या मुळालाही ती फिल्म पुरत नाही, आणि ती बैलाच्या तोंडात धरायची कोणी? पुण्याच्या मशीनवाल्याने मला खास दातांचं नवं, छोटं मशीन दाखवलं होतं. "डॉक्टर, पुढचा जमाना याचाच आहे," असं तो तीनदा म्हणाला, तेव्हाच मला त्याचा संशय आला. शहरातल्या कुत्र्यामांजरांना ते ठीक. माझ्याकडे येणार बैल, आणि बैलाचा पायही मोडतो, खूरही सडतं. म्हणून एका दवाखान्याने काढून टाकलेलं हे मोठं मशीन मी घेतलं. त्यात पाय, खूर, जबडा, सगळं भागतं.

हौशीरामने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजी दाताचं मशीन घेतलंच न्हाई. आन दाताचे पैशे घेनार."

जाताना दारातून वळून म्हणाला, "फिल्म पंचेचाळीसला मिळती. मी इचारलंय."

त्यानंतर बाजारात बातमी फिरली, की मंचरच्या डॉक्टरने फोटो स्टुडिओ काढलाय. पाच महिन्यांत मी जेमतेम नऊ फोटो काढले, त्यात जबड्याचा एकही नाही. मला राग यायचा, पण रागापेक्षा एक गोष्ट जास्त टोचायची. याचं ना घेणं ना देणं, मग हा माणूस माझ्या मशीनवर एवढा का उठलाय? दीडशे रुपये त्याच्या खिशातून थोडेच जाणार होते? मीही मग त्याच्यावर संशय घ्यायला लागलो. तो रोग लागट असावा.

दसऱ्यानंतर महाळुंगे पडवळच्या सरूबाई आपला बैल टेम्पोत घालून घेऊन आल्या. बरोबर त्यांचा दीर कुंडलिक होता आणि त्या दोघांच्या मागे, ओढून आणल्यासारखा, हौशीराम. बैलाचं नाव कोसा. दीड महिन्यापूर्वी हौशीरामच्याच शब्दावर त्यांनी तो बेल्ह्यात घेतला होता. खालच्या जबड्याला डावीकडे लिंबाएवढी गाठ, तोंडातून लाळ आणि अर्धवट चावलेल्या कडब्याचे गोळे खाली पडत होते. बरगड्या मोजता येत होत्या.

"पंधरा दिसांत ज्वारी पेरायची हाय," सरूबाई म्हणाल्या. "ह्यो उभा ऱ्हाईल का न्हाई तेवढं सांगा. आन ही खोट माज्या दारात झाली का आधीची, ते बी सांगा."

प्रश्न सरळ होते. गाठ हाडात पसरलेली असेल तर बैल कामातून गेला. नुसती दाढ सडली असेल तर ती काढली की बैल वाचला. आणि दुखणं जुनं निघालं, तर हौशीरामचा शब्द खोटा ठरणार होता. बाहेरून हात लावून यातलं काहीच कळण्यासारखं नव्हतं.

"फोटो काढावा लागेल," मी म्हणालो.

"काय गरज न्हाई," हौशीराम घाईने म्हणाला. "कडब्यातला काटा टोचला आसंल. हाळद दाबा, बसंल."

"दीडशे रुपये," मी सरूबाईंकडे बघून म्हणालो.

तेवढ्यात हौशीरामने खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातावर टाकलं आणि खालून माझी बोटं धरली. मी घोडेगावचा, वडिलांबरोबर बाजार फिरलेला. बोटांची भाषा मला येते. वाटलं, हा आता शंभरावर येणार. त्याने पाचही बोटं दाबली. पाचशे! दीडशेचा भाव कमी करण्याऐवजी कोणी पाचशे करतो? मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने पुन्हा पाची बोटं दाबली आणि मशीनकडे बघून मान जराशी हलवली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे पाचशे फोटो न काढण्याचे होते.

खोटं कशाला बोलू, हात मी लगेच बाहेर काढला नाही. पाच महिन्यांत नऊ फोटो काढलेल्या माणसाचा हात होता तो. क्षणभरच राहिला, पण राहिला. त्याची लाज मला आजही वाटते.

"बास!" सरूबाई कडाडल्या. "माज्या देखत सौदा करता व्हय रे? ह्यो म्हननार फोटो काढा, त्यो म्हननार नगं, आन आत वाटून खानार! कुंडलिकभाऊ, सोडा बैल. चला."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. उपरण्याखाली हात गेले की तिसऱ्याचा गळा कापला जातो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी उपरणं फेकलं आणि मोठ्याने बोललो. दीडशे रुपये. त्यातले पंचेचाळीस फिल्मचे, बाकी औषधाचे, विजेचे, माझ्या कामाचे. एक फोटो बिघडला तर दुसरा माझ्या पदरचा. आणि या माणसाने मला आता पाचशे देऊ केले, फोटो काढू नये म्हणून.

सरूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी बैल असतो तर त्यांनी मला घेतला नसता. "आसं सांगून तुमी चांगलं व्हता व्हय? आन फोटो ह्याच बैलाचा कशावरनं? दुसऱ्या कुटल्या सडक्या बैलाचा काढून ठिवला आसंल आत, त्यो दावाल."

शिक्षण, डिग्री, दारावरची पाटी, सगळं एका वाक्यात निकालात निघालं होतं. सरूबाईंनी मग कमरेची किल्ली काढली. घराच्या कुलपाची, लांब दांड्याची. लुगड्याच्या काठाची चिंधी फाडली आणि ती किल्ली कोसाच्या गालफडाला, गाठीच्या जरा वर, बांधली.

"लोखंड फोटूत येतं ना? मंग ही आली पायजे. न्हाई आली तर पैशे न्हाई."

मला अपमान वाटायला हवा होता. पण मनातून मी त्या बाईवर खूश झालो. फोटो कोणाचा ते ओळखू यावं म्हणून मोठ्या दवाखान्यात शिशाची अक्षरं लावतात; ही युक्ती सरूबाईंना कोणी शिकवली नव्हती, ती त्यांच्या संशयाने शिकवली होती.

बैलाला गुंगीचं इंजेक्शन दिलं, खोड्यात उभा केला, गालाला फिल्मची पेटी लावली. पहिला फोटो दाबला तेव्हाच विजेचा दाब उतरला आणि फिल्म आली ती नुसती धुरकट. "मी म्हनलं व्हतं," हौशीराम पुटपुटला. त्याच्या आवाजात आनंद होता आणि मला तो सहन झाला नाही. दाब चढेपर्यंत अर्धा तास आम्ही चौघं एकमेकांवर नजर ठेवून बसलो. चहा आला तो कोणी प्यायला नाही. मग दुसरा फोटो काढला.

फिल्म धुवायच्या काळोख्या खोलीत सरूबाई माझ्यामागून आल्याच. "काळोखात काय करता ते बघनार," म्हणाल्या. लाल दिव्यात मी फिल्म औषधात बुडवली आणि हलवत राहिलो. आधी काहीच नाही. मग कोपऱ्यात एक पांढरी रेघ, मग दोन दात असलेलं टोक.

"माजी किल्ली!" त्या ओरडल्या. बाहेर कुंडलिक दचकला.

किल्लीच्या खाली जबडा उमटला. धुऊन झाल्यावर ओली फिल्म खिडकीशी धरून मी दाखवलं. मागून दुसरी दाढ उभी चिरलेली आणि तिच्या मुळाशी काळा खड्डा. बाकी हाड चांगलं होतं. बैल वाचणार होता. ती दाढ मी त्याच दिवशी काढली आणि कोसा पुढे सात वर्षं सरूबाईंच्या औताला चालला. पण ते नंतरचं. खिडकीशी उभ्या असलेल्या त्या बाईने विचारलं ते दुसरंच.

"किती दिसाचं हाय ह्ये?"

"खड्ड्याभोवती हाड जाड झालंय. चार-सहा महिन्यांचं तरी असेल."

सरूबाई वळल्या. "हौशीरामभाऊ, तुमी तोंडात हात घालून बघितलं व्हतं ना?"

आता हा फोटोला खोटं म्हणणार, मशीन जुनं आहे म्हणणार, किल्ली चिकटवली म्हणणार, याची माझी खात्री होती. मी तोंडात शिव्या तयार ठेवल्या होत्या. हौशीरामने फिल्मकडे पाहिलंसुद्धा नाही. तो कोसाकडे बघत होता.

"न्हाई," तो म्हणाला. "मी पुढचेच बघतो."

"आन मागचे?"

"सुरवातीला एकदा घातला व्हता हात. पहिल्याच वर्सी, पंचवीस वर्सं झाली. बैलानं दाढा मिटल्या. बोट वाचलं, पर भ्या बसलं. तवापास्नं मी ओठाच्या आत गेलोच न्हाई." त्याने उपरण्याने तोंड पुसलं. "लई बैल दिले मी. सगळ्यांच्या तोंडाचा शब्द दिला. कुनी इचारलंच न्हाई."

पंचवीस वर्षं हा माणूस जगावर का संशय घेत होता, ते मला तेव्हा कळलं. लोक किती सहज विश्वास ठेवतात, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या मशीनची त्याला खरोखर भीती वाटत होती. मला त्याची कीव आली आणि राग काही गेला नाही. दोन्ही एकदम आले.

सरूबाईंना कीव-बीव काही आली नाही. "मंग आता घाला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हात. बैल गुंगीत हाय, डॉक्टर तोंड उघडून धरतील. माज्या बैलाच्या तोंडाचा शब्द दिलाय ना? बघा मंग तोंड."

मी बैलाच्या जबड्यात तोंड मिटू न देणारी लोखंडी आडकण बसवली, जीभ बाजूला धरली आणि थांबलो. हौशीरामने बाही वर केली. एकदा ओठापाशी नेऊन त्याने मागे घेतला. कुंडलिक हसला नाही, कोणीच हसलं नाही. मग त्याने डोळे मिटले आणि हात आत घातला, मनगटाच्या वरपर्यंत. कपाळावरून घाम निथळत होता.

"हलतीय," तो हळूच म्हणाला. "हितं एक हलतीय." आणि सरूबाईंना, मला नव्हे, विचारलं, "काढू आता हात?"

"आधी मोजा. त्या अंगाच्या सगळ्या मोजा. मोठ्यानं."

त्याने मोजायला सुरुवात केली. मोठ्याने आकडा बोलायची त्याला सवय नव्हती, आवाज घोगरा येत होता. एक. दोन. तीन. बैलाचा गरम श्वास त्याच्या हातावर येत होता. चार. पाच. हात आणखी आत गेला.

"सहा," तो म्हणाला आणि डोळे उघडून त्याने माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर, मागं एका अंगाला सहा असत्यात व्हय?"