आमचा दरडकर

ताटातल्या भाताकडे कोसळणारा डोंगर म्हणून पाहणारा माणूस अख्ख्या लालबाग-परळात एकच होता आणि तो माझा मित्र होता, हे मी आजही अभिमानाने सांगतो. उतार दिसला की त्याचं भान सुटायचं. भाताची मूद वाढली की तो ती आधी बोटांनी उंच करी, वरून थेंब थेंब वरण सोडी आणि डोळे बारीक करून म्हणे, "थांब, आता डावीकडून सुटणार." खरंच डावीकडून सुटे. आम्ही तोवर ताकभातावर पोचलेले असू. मसाल्याच्या गल्लीत हळद-मिरचीच्या ढिगांपुढे तो देवळात उभं राहावं तसा उभा राही. एकदा दुकानदाराला म्हणाला, "शेठ, मिरची जरा अजून वरून ओता ना." त्या भल्या माणसाने ओतली. अर्धी गल्ली शिंकायला लागली. "घ्यायचीय की नुसती पाडायचीय?" दुकानदार ओरडला. "पाव किलो द्या," हा डोळे पुसत म्हणाला, "पण सुटली कशी, बघितलंत?"

मी तालुक्याच्या शाळेतून आलेला. आमच्या घरात पदवी कुणी पाहिलेली नव्हती. कॉलेजात आलो आणि हॉस्टेल मिळालं नाही, तेव्हा फक्त आठवड्याची ओळख असलेल्या या प्राण्याने मला चाळीतल्या आपल्या खोलीवर नेलं. आई लहानपणीच गेलेली. घरात तो आणि वडील. वडील जुने गिरणी कामगार, सगळी चाळ त्यांना अण्णा म्हणे. अण्णांनी मला एकच प्रश्न विचारला, "मासे खातंस मां?" आणि माझी वळकटी आपल्या खाटेखाली सरकवली. ती वळकटी पुढे कित्येक वर्षं तिथेच होती. आज मी शाळेत भूगोल शिकवतो, तो त्या खोलीच्या जिवावर.

समुद्राच्या तळाशी कोसळणाऱ्या दरडींवर पीएचडी करायला त्याला नॉर्वेत जागा मिळाली, तेव्हा चाळीने पेढे खाल्ले आणि त्याचं नाव दरडकर ठेवलं. अण्णांना मात्र शंका होती. "पाण्याखाली दरड पडली तर रस्तो खंयचो बंद होता?"

"रस्ता नाही हो. कधी केबल तुटतात, कधी मोठ्या लाटा उठतात. पण बहुतेक वेळा वर काही कळतच नाही."

"मगे तुका कसा कळतला?"

"तेच तर शिकायला चाललोय, अण्णा!"

तो गेला, मी अण्णांजवळ राहिलो. तिसऱ्या वर्षी अण्णांची फुप्फुसं थकली. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. नेमकी दोनच महिन्यांनी दरडकरची बोट सुटायची होती. अभ्यासासाठी समुद्रतळाचा चिखल काढून आणणाऱ्या त्या बोटीवरच्या जागेची त्याने दोन वर्षं वाट पाहिली होती. "तेका सांगू नको," अण्णा म्हणाले. "माझी शपथ आसा." ज्यांच्या खाटेखाली माझी वळकटी राहिली, त्यांची शपथ मी कशी मोडणार?

दर रविवारी व्हिडिओ कॉल असे. अण्णा इस्त्रीचा शर्ट चढवत, खाली लुंगीच. मी पाठीला उशा लावी, ऑक्सिजनची नळी तेवढ्यापुरती काढी, औषधं बाजूला सारी आणि फोन नेहमीच्या स्टुलावर डब्याला टेकवी. "वरची गुंडी लाव रे, गळ्याची हाडां दिसतत." मग पलीकडे चेहरा उमटला की हे पेज प्यायलेले अण्णा जोरात सांगत, "आज बांगडो खाल्लंय!" तोंड फिरवून मी हसत असे. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

बोट सुटली आणि तिसऱ्या आठवड्यात अण्णा गेले. ती बंदराला लागायला आणखी नऊ दिवस होते. अग्नी मी दिला.

बोट बंदराला लागताच तो आला. ओरडेल, मारेल, अशी मी तयारी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी जेवताना खाटेमागच्या कॅलेंडरकडे बघत तो म्हणाला, "आधी कॉलवर अण्णांचा खांदा या तारखांच्या पहिल्या ओळीशी दिसायचा. मग दर रविवारी थोडा थोडा खाली यायला लागला. मी मोजत होतो रे."

"मग विचारलं का नाहीस?"

"वाटलं, तसं काही असतं तर तू सांगितलं असतंस." त्याने ताटातला भात चिवडला. "आणि तू सांगितलं असतंस, तर बोट सोडावी लागली असती. म्हणून नाही विचारलं."

शपथ पाळण्याला मी कृतज्ञता समजत होतो. एका वाक्याचा प्रश्न होता. सांगायचं ते मी माझ्याजवळ ठेवलं, विचारायचं ते त्याने त्याच्याजवळ ठेवलं आणि मधल्या मधे अण्णा शर्टाची गुंडी लावून बसले.

आता तो डॉक्टर झालाय, तिकडेच शिकवतो. वर्षाकाठी एकदा येतो, माझ्याकडे जेवतो. मी मुद्दाम मूद उंच करून वाढतो, वरणाची वाटी त्याच्या हातात देतो. तो वरण कडेने घेतो, भात मोडतो आणि जेवायला लागतो. माझा घास हातातच राहतो. वाटतं, आत्ता म्हणेल, "थांब, आता डावीकडून सुटणार."