दिवाकरभाऊंची धून

रामदासपेठेतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात शिकायला येणारे कमी आणि 'जरा पाहून जातो' म्हणणारेच जास्त. ऐंशीच्या दशकाचे शेवटचे दिवस ते. विद्यार्थी टिकले नाहीत, किस्से तेवढे टिकले!

त्यातले निम्मे दिवाकरभाऊंच्या धुनेपायी झालेले. भाऊ ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. स्कूटरच्या अपघातात उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. धंतोलीतले सगळे डॉक्टर करून झाले. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी स्वतः धून बांधली होती. ती डाव्या हातानं वाजवतो म्हणाले, तर त्यांच्या आत्याबाई उसळल्या, "शुभकार्यात डावा हात? मी जित्ती आहो तोवर नाही!"

म्हणून भाऊ आमच्याकडे आले. "म्याडम, तुमच्या कॉम्प्युटरकडून माझा कीबोर्ड वाजवून घ्या. पोरीनं हार घालताना माझीच धून वाजली पायजे."

त्यांचा चेहरा बघून मी हो म्हणून बसले. येत काहीच नव्हतं!

* * *

क्लासचे मालक आमचे वानखेडे सर, त्यांच्या साळ्यानं परदेशातून मिडीचं, म्हणजे कॉम्प्युटरला वाद्य जोडायचं, कार्ड आणि केबल आणून दिली. तिची पिन सरांच्या टेपरेकॉर्डरलाही फिट्ट बसली! सर कान लावून बसले. "आवाज काहून नाही येऊन राहिला?"

"सर, ह्या तारेतून गाणं जात नाही. नुसते हुकूम जातात. हा सूर दाब, तो सोड. वाजवायचं काम कीबोर्डचं."

"म्हणजे माह्यासारखंच! मी हुकूम सोडतो, काम तुम्ही करता."

* * *

मग केबल कीबोर्डला लावली. तरी चिडीचूप! पाहते तर एक टोक कॉम्प्युटरच्या 'इन'मध्ये, दुसरंही कीबोर्डच्या 'इन'मध्येच. दोघंही ऐकायला बसलेले, बोलणार कोण?

भाऊ म्हणाले, "आमच्या सोयऱ्याइच्या बैठकीत उलटं असते. सगळे बोलतात, आयकत कोणीच नाही!"

* * *

पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मी खुर्चीतून उडालेच. धुनेऐवजी ढोल, झांजा, धडाडधूम! मी सगळे सूर ड्रमच्या चॅनेलवर सोडले होते.

देखरेखीला येऊन बसलेल्या आत्याबाई मात्र खूश. "झ्याक हाये वं! पण हे वरातीत वाजवजो. पोरगी अजून बोहल्यावर चढली नाही."

* * *

आत्याबाई रोज माझ्या शेजारी ठाण मांडायच्या. डाव्या हातानं एक कळ दाबली की खेकसायच्या, "उजव्यानं वं!" वैताग नुसता! अख्खी धून मी एका हातानं टाईप केली.

भाऊ हळूच म्हणाले, "आता आपण दोघं सारखे, म्याडम." मग मला चिडायची लाजच वाटली.

* * *

एकदा झाडता झाडता मावशींनी कॉम्प्युटरची वायर उपटली. कॉम्प्युटर बंद, पण कीबोर्ड एकच सूर धरून बसला. भाऊ त्यात कायम सेल टाकून ठेवायचे, ऑर्केस्ट्रातली सवय. 'सोड' हा हुकूम त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

मावशी घाबरल्या. "बाई, याचा जीव नाही जाऊन राहिला!"

मी बंद करायला धावले. भाऊ म्हणाले, "राहू द्या. षड्ज हाये." आणि डोळे मिटून ऐकत बसले.

* * *

लग्न धंतोलीतल्या हॉलमध्ये. कॉम्प्युटर गादीत गुंडाळून सायकलरिक्षानं नेला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, पोरीनं हार उचलला आणि मी कळ दाबली. उजव्या हातानंच!

धून सुरू झाली. काय गोड वाजली म्हणून सांगू! भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि लाइट गेली.

पंखे थांबले, कॉम्प्युटर गार. कीबोर्ड तेवढा तो षड्ज धरून बसला. पोरगी हार उचलून तशीच उभी, बापाकडे बघत.

मी कीबोर्ड बंद करायला उठले. भाऊंनी मला थांबवलं. त्यांचा डावा हात पट्ट्यांपर्यंत गेला आणि हवेतच थबकला. त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.

आत्याबाईंनी पदर सारखा केला.

"माह्या तोंडाकडे काय पाहून राहिला गा, दिवाकर? पोरीचे हात अवघडले. वाजव लवकर!"