फ्रीजला वारा घालत मुळशीला

कारण दही होतं. सलग तीन ट्रिपांत आंबलेलं दही.

लोक मुळशीला धरण बघायला जातात, भजी खायला जातात, सेल्फी काढायला जातात. आम्ही दोघी गेलो फ्रीज तपासायला. ज्यांनी स्वतःच्या गाडीत फ्रीज बसवलाय, किंवा बसवायचं स्वप्न बघत रात्री व्हिडिओ बघत बसतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी कोंबड्यांसाठी वाचा.

आधी आमची ओळख. मी अनू. मूळ लातूरची, मारुंजीत भाड्यानं राहते. दिवसा दुसऱ्यांच्या ॲपसाठी वाक्यं लिहिते, संध्याकाळी स्वतःची लिहून खोडते. रुखसार माझ्याच ऑफिसात. ती पौडची, तिच्या वडलांचं प्लायवूडचं दुकान आहे. तिनं शाळेची पोरं नेणारी एक जुनी मिनीबस घेतली, सीटा काढल्या, अब्बांच्या दुकानातल्या प्लायचे बेड केले, ओटा केला आणि बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीज बसवला. तिच्या अम्मीला हे सगळं थेर वाटलं. पण गाडी तयार झाली तशी अम्मीनंच रेडियमवाल्याला बोलावलं आणि गाडीच्या कुशीवर पांढऱ्या पट्टीत लाल अक्षरांत स्वतःचं नाव चिकटवून घेतलं. शमीम.

"मला नाही नेलंत तरी नाव तर फिरेल," ती म्हणाली.

आता फ्रीज. फ्रीज थंडी बनवत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि मागे टाकतो. मागे टाकलेली उष्णता तिथंच राहिली तर केर काढून दाराआड लोटून ठेवल्यासारखं होतं. घरातल्या फ्रीजमागे मोकळी जागा असते. आमचा प्लायच्या कपाटात गच्च बसलाय. म्हणून रुखसारनं त्याच्यामागे गाडीच्या पत्र्याला दोन जाळ्या पाडल्या होत्या. खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर. तरी दही आंबतच होतं. मग आम्ही कॉम्प्युटरमधले दोन पंखे आणले, तळहाताएवढे, आणि वरच्या जाळीला बाहेरच्या दिशेनं वारा फेकतील असे लावले. तिसरा, अगदी इवलासा, फ्रीजच्या आत, थंडी सगळ्या कप्प्यांत फिरावी म्हणून. तिन्ही मिळून एका पिझ्झ्याच्या पैशात. बॅटरी खातात ती जवळजवळ नाहीच. वायरिंगला मध्ये फ्यूज मात्र घाला, आळस करू नका.

शनिवारी निघालो. एप्रिलचं ऊन. मारुंजीतून सातच्या आत बाहेर पडा, नाहीतर टँकर आणि टेम्पो तुमचा सकाळचा वेळ खाऊन टाकतात. हिंजवडीतून माण, तिथून घोटावडे. हा रस्ता मला आवडतो. काचेच्या इमारती संपतात आणि लगेच कुणाचीतरी म्हैस सुरू होते. मध्ये पॅच खराब आहेत, पण कार आरामात जाते. भरे गावाजवळ टपरीवर मिसळ खाल्ली, तर्री वेगळी मागा, न मागता देतात ती डोळ्यांत पाणी आणते. तिथं फ्रीजच्या आतला थर्मामीटर बघितला. अकरा.

"दोन ते आठमध्ये पाहिजे," मी म्हटलं.

"थांब गं, आत्ता कुठं लावलेत. पंख्यांना अंगात यायला वेळ लागतो." रुखसारचा स्वतःच्या हातकामावरचा विश्वास पौडच्या डोंगराएवढा आहे.

पौडला तिच्या घरासमोर थांबलो. अम्मी खिमा आणि पावांचा डबा घेऊन रस्त्यावर आली. खिडकीतून डबा दिला, मागं गेली, ओढणीच्या टोकानं स्वतःच्या नावावरची धूळ पुसली, मग आम्हाला टाटा केला. हे लक्षात ठेवा.

गावाबाहेर पडायच्या आधी रुखसारला बर्फ घ्यायचा होता. बर्फवाल्याशेजारी जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. तिथं पायरीवर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या, मांडीवर थर्मास. हलवला की आत काच वाजत होती.

"यष्टीतनं उतरताना आपाटला," त्या दुकानदाराला सांगत होत्या. "आता वं?"

"बर्फ पिशवीत देतो मावशी. पण संध्याकाळपर्यंत पाणी होईल त्याचं. तुम्ही लस सकाळी देणार ना?"

"सकाळीच की. रातच्याला कोंबड्या काय रांगंत येत्यात?"

"मग तिकडं कुणाकडं फ्रीज?"

"दुकानात हाय एक. पर लाईटच न्हाई. वाऱ्यानं खांब पडलाय, परवापास्नं अंधारच हाय."

आमचा कान तिकडंच होता. हळूहळू सगळं कळलं. मावशींचं नाव अंजनाबाई. त्यांची वस्ती धरणाच्या पाण्याकाठी. प्रत्येक घरी पाच-पंधरा गावठी कोंबड्या, आणि राणीखेत नावाचा रोग, ज्याला त्या मानमोडी म्हणतात, कारण कोंबडी मान वाकडी करून मरते. लस एकाच बाटलीत शंभर-दोनशे कोंबड्यांची येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून अख्ख्या वस्तीच्या बाया एकाच सकाळी एकाच अंगणात आपापल्या कोंबड्या घेऊन जमतात. लस आणायची पाळी या वेळी मावशींची.

"पलीकडच्या वाडीत आलीया मानमोडी," त्या म्हणाल्या. "आठ दिसात खुराडी रिकामी. आन् माझी लेक बाळातपणाला येतीया. तिला रस्सा पाजायला कोंबडी इकत आणू व्हय?"

"आमच्या गाडीत फ्रीज आहे," रुखसार बोलून मोकळी झाली.

मी तिच्याकडं बघितलं. अकरा, असं ओठांनी म्हटलं. तिनं दुसरीकडं बघितलं.

तर अशा रीतीनं आमच्या ट्रिपमध्ये तिसरी प्रवासी आली. लसीची बाटली आणि ती कालवायचं पाणी मावशींनी आपल्या छोट्या स्टीलच्या डब्यात ठेवलं, डबा बर्फाच्या पिशवीत, पिशवी आमच्या फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. दही बाहेर काढलं. दह्याचा काळ संपला होता.

पौडच्या पुढं रस्ता चढत-वळत धरणाकडं जातो. उजवीकडं पाणी दिसायला लागलं की सगळे अचानक ब्रेक मारतात, म्हणून पुढच्या गाडीपासून लांब राहा. मावशी बेडवर मांडी घालून बसल्या होत्या, ओटा, सिंक, शेगडी सगळं बघत.

"दोघीच फिरताय?"

"हो."

"नवरे कुटंयत?"

"नाहीत," रुखसार म्हणाली.

"नवरं न्हाई आन् सैपाकघर तेवढं बरूबर घिऊन फिरताय," मावशी म्हणाल्या. "उलटं करायचं हुतं की!"

वस्तीचं नाव मुद्दाम देत नाही. शनिवार-रविवारी तिथं काय होईल ते मला माहिताय. डांबरी सोडून कच्च्या रस्त्यानं थोडं खाली, आंब्याखाली मावशींचं घर, समोर उन्हात पितळेसारखं चमकणारं पाणी. गाडी अंगणात लावली. थर्मामीटर बघितला.

चौदा.

पंखे छान फिरत होते. आवाज तर असा की वाटावं, आत शिमला आहे. फ्यूज बघितला, दिशा बघितली, बॅटरी बघितली. बर्फाच्या पिशवीत अर्ध्याच्या वर पाणी. ऊन अजून उतरायचं होतं. मी दर पाच मिनिटांनी दार उघडून बर्फ बघत होते, तर ओट्याशी उभ्या मावशी म्हणाल्या, "सारकं सारकं उघडू नगा. आशानं अंड्यावरची कोंबडी बी उठंल."

मी दार बंद केलं. रुखसार नखं खात होती. पहिल्यांदाच.

"मी उगाच बोलले ना?"

"बोललीस. आता दुरुस्त कर."

आणि मग मला डासांची उदबत्ती सुचली. पंखे फिरतात म्हणजे हवा फिरते असं नाही. धुरानं कळेल. बाहेर जाऊन वरच्या जाळीशी उदबत्ती धरली, धूर भसाभस लांब उडाला. उत्तम. आता खालच्या जाळीशी धरायची, तिथं धूर आत ओढला गेला पाहिजे. खाली वाकले आणि खालची जाळी शोधायला लागले.

जाळी नव्हतीच. तिथं शमीम होती.

वर्षभर दोघी त्या नावाकडं बघतोय. अम्मी दर वेळी पुसते. पांढरी पट्टी बरोबर जाळीवर, इतकी नीट बसवलेली की शिवणसुद्धा दिसू नये. उदबत्ती धरली. धूर सरळ वर गेला, देवघरातल्यासारखा. शेवटच्या 'म'वर बोट दाबलं, तर बोट आत रुतलं. मागे पोकळ.

म्हणजे पंखे बाहेर फेकायला तयार, पण आत यायला हवाच नाही. नाक दाबून पळायला सांगितल्यासारखं.

रुखसार आली. बघितलं. कपाळावर हात मारला.

"अम्मीनंच सांगितलं असणार. म्हणत होती, जाळी दिसते तोंडातले दात पडल्यासारखी, झाकून टाक."

"काप."

"तू काप."

"तुझी अम्मी आहे!"

"म्हणून तर तू काप ना! तिनं हे नाव नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलंय अनू. सत्तर लोकांनी हार्ट दिलंय."

मावशी भांडण ऐकून बाहेर आल्या. हातात सुरी, कारण त्या वांगी चिरत होत्या. आम्ही सांगितलं. त्यांनी नावावरून हात फिरवला.

"आईचं नाव हाय व्हय?"

"हो."

"तिला काय, माझं नाव राहू दे, शंभर कोंबड्या मरू द्यात, आसं वाटंल?"

पत्र्याच्या त्या बाजूला दुपारभर ऊन होतं, गोंद मऊ झाला होता. रुखसारनं सुरी घेतली नाही. नखानं कोपरा उचलला आणि पट्टी इतकी हळू सोलली की जखमेवरची चिकटपट्टी वाटावी. जाळी उघडी झाली तिथं ती फाडली. 'शमी' जागेवर राहिलं, 'म' हातात आला. तो तिनं फेकला नाही, फ्रीजच्या दाराला आतून चिकटवला.

उदबत्ती पुन्हा धरली. धूर वाकला, जाळीच्या फटींतून आत गेला, आणि आम्ही दोघी अशा ओरडलो की आंब्यावरचे कावळे उडाले. रुखसारनं गाडी फिरवून ती बाजू सावलीत घेतली. हेही लिहून ठेवा, फ्रीजची बाजू उन्हात लावायची नाही. आम्हाला हे माहीत होतं. पाणी दिसलं आणि विसरलो.

मग वाट बघणं. दार न उघडता. वायरवाला थर्मामीटर बाहेर डिस्प्लेवर दिसतो, तोच घ्या. बारा. दहा. मावशींनी तांदळाच्या भाकरी थापल्या, वांग्याची भाजी केली, आमचा खिमा त्यांच्या घरात आवडीनं संपला. नऊ. पिशवीत बर्फाचे शेवटचे खडे उरले असतील नसतील तेव्हा आकडा सातवर आला. मावशी स्वतः डिस्प्लेपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आठाच्या खाली ना?"

"आठाच्या खाली."

"मग झोपा आता. त्याच्याकडं बघून त्यो गार हुत न्हाई."

सकाळी आकडा चारवर होता.

त्या सकाळचं वर्णन मी दहा वेळा लिहून खोडलंय, तेव्हा सरळ सांगते. दव पडलेलं अंगण. चहूकडून बाया आल्या. डोक्यावर बांबूची डालगी, काखेत कोंबड्या, पिशव्यांतून बाहेर आलेल्या माना. उजाडायच्या आत पकडायच्या असतात, एकदा सोडल्या की हाती लागत नाहीत. मावशींनी लस कालवली. प्रत्येक कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब. कोंबडी डोळा मिटते, उघडते, अपमान झाल्यासारखी बघते, पुढची. बाटली दोन कोंबड्यांच्या मध्ये पुन्हा गार पाण्याच्या वाटीत.

मी धरायला बसले. माझ्या हातांची चाळण झाली.

"अगं पाय धर, पाय! पंखाला काय धरतीस, नवरी हाय का ती?"

"ह्यो कोंबडा मला डोळा मारतोय गं."

"लस घातलीया त्याला, आंजना. तुला कोण डोळा मारतंय!"

एका म्हाताऱ्या बाईंकडं एकच कोंबडी होती. तिला मधे घेतलं, पहिला नंबर दिला. शेवटी बाटलीत थेंबभर उरलं. मावशींनी ते नीट बघितलं, मगच सगळ्या डालगी उचलायला लागल्या.

परतताना मावशींनी अंडी दिली. रिकामा स्टीलचा डबा मी परत करायला लागले तर म्हणाल्या, "आसूद्या तितंच. म्हैन्यानं दुसरी येळ घालायची हाय. तवा लागंलच की."

पौडला अम्मी दारातच होती. गाडीकडं बघून थांबली. रुखसारनं एका दमात सगळं सांगितलं, कोंबड्या, खांब, धूर. अम्मी ऐकत होती. मग विचारलं, "सगळ्या वाचतील?"

"लस गारच होती अम्मी. रात्रभर."

"हं." तिनं जाळीत बोट घालून बघितलं. "धूळ जाईल यात. आतून मच्छरदाणीचं कापड लाव. मोठ्या भोकांचं, वारा अडवू नको परत." आत जाता जाता मागं वळली. "आणि नाव वर घे. जरा मोठं."

मारुंजीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी आता भर दुपारी उभी असते आणि फ्रीज पाचाच्या वर जात नाही. काहीच क्रांती नाही केली आम्ही. तीन पंखे, एक उदबत्ती, एक सोललेलं अक्षर. तुम्हीही करा. पंखे लावण्याआधी आत येणारी वाट मोकळी आहे का बघा, स्वतःच्या बोटानं, कारण डोळ्यांना रोजच्या गोष्टी दिसत नाहीत.

मध्यंतरी मावशींचा फोन आला. मागं कोंबडा आरवत होता, त्यामुळं अर्धं कळलं नाही. पलीकडच्या वाडीतला रोग रस्ता ओलांडून यांच्याकडं आला नाही, एवढं कळलं. लेक आली, हेही.

दही आता मस्त राहतं. वरच्या कप्प्यात दही, खाली भाज्या, दारात पाणी आणि 'म'. मधल्या कप्प्यात मावशींचा तो छोटा डबा आहे. परवा रुखसारनं श्रीखंड आणलं, जागा नव्हती, ती डबा उचलायला गेली आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच मागं आली. मग आम्ही श्रीखंड तिथंच, उभ्या उभ्या संपवलं.