जोडीतला काळा तांब्या

चुडाव्याच्या मुंजाजीला दोन नाद होते. शेतीचा नाद बापाकडून आला होता. मशिनींचा कुठून आला, ते बापालाही शेवटपर्यंत कळलं नाही. बटण असलेली कुठलीही वस्तू हातात आली, की हा गडी आधी तिचे स्क्रू कुठे आहेत ते बघणार. लग्नात सासऱ्यानं दिलेला रेडिओ त्यानं पाचव्या दिवशी उघडून अंथरला, आणि आपली गाठ कशाशी पडली आहे हे कमलबाईला तेव्हाच कळून चुकलं. रेडिओ पुन्हा जोडल्यावर आधीपेक्षा खणखणीत वाजला, म्हणून तिनं माहेरी काही कळवलं नाही.

त्याच्या करामती गावाला पाठ होत्या. म्हैस व्यायला झाली तेव्हा कमलबाई सारखी गोठ्यात पळत होती. मुंजाजीनं जुना मोबाईल गोठ्याच्या आढ्याला टांगला, घरातल्या टीव्हीला जोडला आणि म्हैस टीव्हीवर आणली. शेजारची सरजाबाई मीठ मागायला आली ती तिथंच बसली. मग आणखी दोघी आल्या. त्या दिवशी सासू-सुनांची मालिका बंद ठेवून आळीनं म्हैस बघितली, आणि रेडकू झालं तेव्हा सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या. "आमची म्हैस कवा दाखवताव, भाऊजी?" असं सरजाबाई पुढं कितीतरी दिवस विचारत होती.

पण मुंजाजीचा खरा जीव कॉम्प्युटरवर. पहिला त्यानं स्वतः जोडला. एका शाळेनं मोडीत काढलेली पेटी, परभणीच्या सुगतच्या दुकानातले जुने सुटे भाग आणि महिनाभराची खटपट. पडद्यावर पहिल्यांदा उजेड आला तेव्हा हा पन्नाशीचा माणूस लहान पोरासारखा उठून अंगणात एक चक्कर मारून आला होता. पुढं त्यानं गावच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेट त्यात उतरवून घेतल्या. एक पैसा कुणाकडून घेतला नाही. नादाला नफा विचारायचा नसतो, हे त्याचं ठाम मत होतं.

मशीन ठेवलं मागच्या खोलीत. घरातली तीच एक स्लॅबची, थंड आणि उंदीर न शिरणारी. भिंतीला ज्वारीच्या पोत्यांची थप्पी, कोनाड्यात कमलबाईचे देव आणि खिडकीशी टेबलावर कॉम्प्युटर. तीन वर्षं तिघांचं गुण्यागोविंदानं चाललं. मग एके दिवशी कॉम्प्युटरनं मान टाकली.

मुंजाजीनं तो उघडला. पंख्यावर काळपट राखेचा थर दिसला आणि त्याला जागच्या जागी गुन्हेगार सापडला.

"तुझ्या उदबत्तीनं खाल्लं ह्येला," तो म्हणाला. "रोजचा धूप, रोजची उदबत्ती. मशीन काय देव हाय व्हय, वास घेऊन खूश व्हायला?"

"धुपानं आजवर कुणी मेलं न्हाई," कमलबाई म्हणाली. "तुमचंच मशीन लय नाजूक."

पण ह्या माणसाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायला पान्हा लागतो. दोन दिवस त्यानं तोच घोशा लावला. शेवटी कमलबाईनं स्वतःच्या हातानं देव उचलले, त्याला हातही लावू दिला नाही, आणि स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांशेजारी फळीवर मांडले. तिथं फोडणीचा ठसका आधी देवाला लागायचा. ती भांडली नाही, पण तिला ते फार लागलं होतं. मुंजाजीला ते दिसलं नाही, कारण तो तेव्हा पंखा साफ करत होता.

आता खोली निर्धूर झाली, आणि झालं भलतंच. दुसरं मशीन दिवाळीत आणलं ते आषाढात गेलं. तिसरं पुढच्या साली तसंच. मुंजाजीनं जमिनीत खड्डा खणून नवं अर्थिंग केलं, विजेचा दाब सांभाळणारी पेटी आणली, मशीनला शिवून खोळ घातली. उपयोग शून्य. गावात ज्याच्या हातानं मेलेले पंखे फिरायला लागायचे, त्याच्याच घरात कॉम्प्युटर वर्षभर टिकेना. "मुंजाजीच्या हाताचं यश गेलं," असं पारावर कुणी तरी म्हणालं, ते त्याच्या कानावर आलं आणि त्या रात्री तो नीट जेवला नाही.

परभणीला कृषी विद्यापीठात शिकणारी लेक अर्पिता म्हणाली, "आबा, आता सगळं मोबाईलवरच होतंय की." पण त्याला चौथा हवा होता. तो आणताना मात्र त्यानं कमलबाईपुढं कबूल केलं, "हे बी गेलं तर मशिनी, पान्हे, तारा, समदं भंगारवाल्याला. पुन्यांदा नाव काडणार न्हाई. तुझी शपथ."

"माझी कामून? तुमची घ्या," कमलबाई म्हणाली.

पाडवा होऊन महिना झाला असेल. साफसफाईला म्हणून त्यानं चौथं मशीन उघडलं. आतल्या तांब्याच्या टोकांवर तोच काळा लेप चढायला लागला होता, जो आधीच्या दोन मशिनींत होता. त्यानं पेटी चादरीत बांधली, पॅसेंजरनं परभणी गाठली आणि सुगतच्या पुढ्यात ठेवली.

सुगतनं डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघितलं. "ही धूळ न्हाई, भाऊ. धुराचं बी काम न्हाई. सोन्याचं पाणी दिलेली टोकं शाबूत हायेत, तांबं तेवढं काळं पडलंय. समुद्राकाठच्या मशिनी अशा व्हतात. तुमच्या हवेतच कायतरी हाय."

"चुडाव्याला समुद्र?" मुंजाजी म्हणाला.

"ते तुमी शोधा." सुगतनं टोकं पुसून दिली आणि मशीन सध्या तरी सुरू झालं.

मुंजाजी घरी परतला तेव्हा कमलबाई अंगणात चिंचेचा कोळ घेऊन तांबे घासत बसली होती. दोन तांबे, तिच्या आईनं दिलेले, एका जोडीतले. एक देवापाशी असायचा. दुसरा गुढीवर चढायचा आणि उतरला की वर्षभर मागच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांवर.

"ह्यो बगा," ती गुढीचा तांब्या वर धरून म्हणाली. "पाडव्याला आरशावानी केला व्हता, आन् महिन्यात तव्यावानी काळा. दर सालचंच हाय. म्या बोलले की तुमी म्हणताव, चिंच जुनी आसंल."

मुंजाजीनं गाठोडं खाली ठेवलं. दोन्ही तांबे त्यानं शेजारी शेजारी मांडले. जोडी एक, चिंच एक, घासणारा हात एक. देवाजवळचा लाल, खोलीतला काळा. मग त्या खोलीत असं काय आहे, जे स्वयंपाकघरात नाही?

ज्वारी होती. आणि ज्वारीत किड्यांसाठी टाकायच्या गोळ्या होत्या.

दरवर्षी पाडवा झाला की तो स्वतः तोंडाला फडकं बांधून त्या गोळ्या पोत्यांत ठेवायचा, खिडकीच्या फटींना कागद चिकटवायचा आणि दहा दिवस खोली बंद करायचा. गोळ्यांतून निघणाऱ्या वायूनं माणूससुद्धा मरतो, म्हणून तिकडं कुणाला फिरकू द्यायचा नाही. मशीन मात्र आतच. त्यानं मोबाईल काढून वाचलं. तो वायू तांबं खातो, विजेची यंत्रं ओलसर हवेत त्यानंच बिघडतात, असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

आणि मग त्याला पुढचंही आठवलं. देव त्या खोलीत होते तेव्हा गोळ्या नव्हत्या. कमलबाईला सकाळ-संध्याकाळ दिवा लावायला आत जावं लागे, दहा दिवस दार बंद कसं राहणार? म्हणून तेव्हा धान्यात कडुलिंबाचा पाला आणि राख असायची. देव हलले आणि त्याच साली, खोली मोकळी झाली म्हणून, गोळ्या आल्या. पहिलं मशीन तर शाळेनंच मोडीत काढलेलं, ते म्हातारपणानं गेलं होतं.

मुंजाजी ओसरीवर बसला. कुणाला काही माहीत नव्हतं. मशीन गुपचूप पुढच्या खोलीत नेलं असतं तर ते टिकलं असतं आणि नाव सुगतचं झालं असतं. मुंजाजी काही संत नव्हता. पाणी पिऊन होईपर्यंत त्यानं हा विचार केला. पण समोर कमलबाई त्याच काळ्या तांब्यावर जोर लावून घासत होती, आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"अगं, ऐक," तो म्हणाला. "तुझ्या धुपाचा कसूर न्हवता. माझ्या गोळ्यांचा व्हता." आणि त्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता.

कमलबाईनं ऐकून घेतलं. बोटावर हिशेब केल्यासारखं करत ती म्हणाली, "म्हंजी देव तिथं व्हते तवर गोळ्या न्हवत्या."

"न्हवत्या."

"आन् गोळ्या न्हवत्या तवर मशीन चालायलं व्हतं."

"तीन साल."

"मग देवाला बाहीर काडून तुमीच मारल्या की मशिनी!" असं म्हणून तिला जे हसू फुटलं, ते थांबेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं टिपलं. मग तिनं तांब्या आणि चिंचेची वाटी त्याच्यापुढं सरकवली. "घ्या. घासा."

त्यानं घासला.

दुसऱ्या दिवशी ज्वारी शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघराशी, पत्र्याच्या कोठीत गेली. खोली धुतली, खिडकी उघडी राहिली. देव कोनाड्यात परत आले. ह्या वेळी कमलबाईनं ते त्याला उचलू दिले. "मशीन कुठं ठिवू?" त्यानं विचारलं.

"जिथं व्हतं तिथंच ऱ्हाऊ द्या. धुपाचं म्या बगते." आणि तेव्हापासून ती देवापुढं फक्त दिवा लावते, धूप बाहेर तुळशीपाशी जाळते. त्यानं तसं सांगितलं नव्हतं.

आषाढ आला आणि गेला. श्रावणही गेला. मशीन चालत राहिलं. गुढीचा तांब्या आता पोत्यांवर नसतो, कॉम्प्युटरच्या शेजारी टेबलावर असतो. मुंजाजीकडं हवा मोजायची, दाब मोजायची कितीतरी यंत्रं आहेत, पण सकाळी बटण दाबायच्या आधी तो उजेडाकडं धरून बघतो तो तांब्या.

"काय म्हणतोय?" वाती वळता वळता कमलबाई विचारते.

"लाल हाय," मुंजाजी म्हणतो आणि मशीन सुरू करतो.