नळीवरचे बुडबुडे

आरमोरीच्या शकुबाईने मागची खोली रीता नर्सबाईला शेगडी-सिलिंडरासकट भाड्याने दिली होती. गॅसतपासणीवाला आला, तेव्हा फी कोणी द्यायची यावरून दोघींची जुंपली.

“वापरतेस तू, मंग मी काऊन देऊ?”

“शेगडी तुमची हाय, बाई. सर्टिफिकेटबी तुमच्याच नावानं निंगन.”

शकुबाईचा जन्म चुलीपुढे गेलेला. डोळ्यांना न दिसणारा गॅस हा माणूस तपासतो तरी कसा, हे बघायला ती भांडण सोडून आत शिरली. त्याने नळीला साबणाचा फेस लावला. एका जागी बुडबुडे फुगू लागले.

“हे काय होऊन राह्यलं?”

“गॅस गळून राह्यला, बाई.”

शकुबाई वाकून बघतच राहिली. मग तिने स्वतःच फी दिली आणि नवी नळी बसवून घेतली.

“आता पुन्हा फेस लाव. मले पाहू दे.”

बुडबुडा उठला नाही, तेव्हा कुठे तिने सर्टिफिकेट हातात घेतलं.