छातीवर टाकलेला चेंडू

इंग्लंडात मेडनहेडला आमच्या शेजारी राहणारी माझी जपानी मैत्रीण एका अमेरिकन मुलाशी लग्न करणार होती. म्हणजे, वडील हो म्हणाले तर. आई नव्हती, आणि वडिलांचं मन मोडून लग्न करायचं नाही हे तिनं पक्कं ठरवलं होतं. ते ओसाकाहून मुलगा बघायला आले. मी पुण्याची. बघण्याचे कार्यक्रम मी कोळून प्यायले आहे. पण इथे बशी हातात घेऊन मुलगाच घाबरलेला पाहून, खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

"तू जेवायला येच," मैत्रीण म्हणाली होती. "तू सारखी बोलत असतेस. कुणीतरी बोलायला हवं." हे कौतुक होतं की टोमणा, ते मी अजून ठरवलेलं नाही.

जेवणभर मी एकटीच बोलले. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं आणि मुलाचं जपानी नमस्कारापुढे सरकत नव्हतं. दोघांच्या मधे भाषांतर करून करून मैत्रीण दमली. वडील मान हलवत होते, पण तो होकार नव्हे हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. शेवटी माझा नवरा पुटपुटला, "अगं, हे काही वर्कआउट होत नाहीये. निघू या का आपण?"

"गप्प बस आणि भात खा," मी म्हटलं.

उठताना वडिलांना पॅसेजमध्ये मुलाचा बेसबॉलचा ग्लव्ह दिसला. तो दर रविवारी क्लबात खेळायचा. त्यांनी ग्लव्ह उचलला, दाबला, उलटसुलट करून शिवण पाहिली, मंडईत जाणती बाई वांगं पारखते तसं. कातड्याला वेळच्या वेळी तेल दिलेलं होतं. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. मुलगा धावत जाऊन गाडीतून दुसरा ग्लव्ह घेऊन आला.

आम्ही सगळे नदीकाठच्या मैदानावर गेलो. कडेला वडील थांबले आणि मैदानाला वाकून नमस्कार केला. कुत्री फिरवणारे लोक बघत राहिले. मला त्यात काही नवल वाटलं नाही. आपल्याकडे तालमीत उतरताना मातीला हात लावतातच की. मुलानंही टोपी काढली.

आणि मग त्यानं घोळ घातला. म्हाताऱ्या माणसाला लागायला नको म्हणून त्यानं चेंडू खालून, हळूच, लहान मुलाला टाकावा तसा उडवला. पुन्हा तसाच. वडिलांनी तो झेलला आणि परत टाकलाच नाही. मैत्रिणीचा चेहरा उतरला. झालं, आटोपलं, मी मनात म्हटलं.

वडील कडक आवाजात काहीतरी बोलले. "ते म्हणतात, माझी कीव करू नकोस," मैत्रिणीनं सांगितलं. "समोरच्याच्या छातीवर टाकायचा, म्हणजे त्याला नीट झेलता येतो. आमच्याकडे मुलांना हे सगळ्यात आधी शिकवतात."

"आमच्याकडेही," मुलगा म्हणाला.

पुढचा चेंडू सणसणत गेला आणि बरोबर छातीपाशी ग्लव्हमध्ये बसला. तसाच परत आला. काय सुंदर टाकत होते दोघं! बेसबॉलला आजवर नाकं मुरडणारा माझा क्रिकेटवेडा नवराही पुढे सरकून बघू लागला. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, आणि तरी प्रत्येक चेंडूत समोरच्याचा विचार होता. मैत्रीण गवतावर बसली. दिवसभरात पहिल्यांदाच तिला काही काम नव्हतं.

ऊन उतरल्यावर वडिलांनी तिच्यामार्फत विचारलं, "तुला कोणी शिकवलं?"

"वडिलांनी. मी शाळेत असतानाच ते गेले. नंतर मी भिंतीवर चेंडू टाकायचो."

मैत्रिणीच्या वडिलांनी चेंडू हातात फिरवला. मग काहीतरी थोडकंच बोलले. ते इंग्रजीत सांगायला मैत्रिणीला वेळ लागला, कारण तिला रडू फुटलं होतं.

"ते म्हणतात, आता भिंत कशाला? मी आहे ना."